सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा लावावा का?

पत्राचा सारांश: ठाण्यातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, त्या आणि त्यांचे पती नोकरीसाठी सकाळी आठला घराबाहेर पडतात आणि रात्री आठच्या सुमारास परततात. घरी ७९ वर्षांच्या सासूबाई असतात आणि त्यांच्या सोबतीला ब्यूरोमार्फत ठेवलेल्या एक मावशी दिवसभर असतात. दोन महिन्यांपूर्वी मावशी औषधे आणायला खाली गेल्या असताना सासूबाईंनी चहासाठी दूध तापत ठेवले. ते उतू जाऊन शेगडी विझली आणि शेजाऱ्यांना गॅसचा वास आला म्हणून अनर्थ टळला. पुढे काही दिवसांनी सासूबाईंच्या दंडावर काळानिळा डाग दिसला, त्याचे कारण त्यांना सांगता आले नाही. आता दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली अशा तीन ठिकाणी मोबाइलवरून पाहता येणारे कॅमेरे लावायचे पतींनी ठरवले आहे. अमेरिकेतील नणंदबाईंनाही पासवर्ड हवा आहे. सासूबाईंचा ठाम विरोध आहे, आणि मावशींना काही सांगू नये असे पतींचे मत आहे. घर सासूबाईंच्या आणि पतींच्या नावावर आहे. “आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे, आणि प्रामाणिक माणसाने कॅमेऱ्याला का घाबरावे?” असे वाचक भगिनी विचारतात. सरकारने आता कॅमेऱ्यांसाठी कडक नियम आणल्यामुळे तांत्रिक धोका उरलेला नाही, असे सोसायटीतील मंडळींचे म्हणणे असल्याचेही त्या कळवतात.

तुमचे पत्र वाचताना प्रथम जाणवली ती तुमची धास्ती, आणि ती अजिबात अनाठायी नाही. बंद घरात साठलेला गॅस काय करू शकतो हे आपण सारे जाणतो, आणि वयस्कर माणसाच्या अंगावर कारण न सांगता येणारा डाग दिसला की पोटात गोळा येतो. मात्र या दोन वेगळ्या भीती आहेत आणि पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. गॅसची भीती ही अपघाताची आहे, डागाची भीती ही माणसाविषयीची आहे. कॅमेरा हे दोन्हींवरचे उत्तर आहे असे तुम्ही धरून चालला आहात. पहिल्या भीतीवर तो जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि दुसऱ्या भीतीसाठी त्याच्या आधी करण्यासारखे बरेच काही आहे, असे मला वाटते.

गॅसचेच पाहा. त्या दिवशी स्वयंपाकघरात कॅमेरा असता तर काय झाले असते? तुम्ही कार्यालयात नेमक्या त्या मिनिटाला मोबाइल उघडला असता, तरी पडद्यावर एक शेगडी आणि तिच्यावर एक पातेले एवढेच दिसले असते. विझलेली ज्योत दूरच्या चित्रात सहसा ओळखू येत नाही, गॅस तर दिसतच नाही. घरगुती गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. परंतु वयाबरोबर अनेकांची वास घेण्याची शक्ती मंदावते, आणि शेजाऱ्यांना आलेला वास घरातल्या सासूबाईंना न येण्यामागे तेच कारण असू शकते. म्हणून तुमच्या घराला आधी गरज आहे ती त्यांच्या नाकाचे काम करील अशा उपकरणाची. गॅस गळती ओळखून मोठ्याने वाजणारा संवेदक बाजारात सहज मिळतो. तो कुठे बसवायचा हे मात्र नीट समजून घ्यावे, कारण अनेक घरांत तो चुकीच्या उंचीवर लावलेला असतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा संवेदक जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. ज्यांच्याकडे पाइपने गॅस येतो त्यांचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर छताकडे जातो, म्हणून त्यांचा संवेदक छताखाली फूटभर अंतरावर हवा. एका घरासाठी योग्य असलेली जागा दुसऱ्या घरात निरुपयोगी ठरते, तेव्हा शेजाऱ्यांचे पाहून तुम्ही तो बसवू नये.

त्याच्या जोडीला शेगडी बदलण्याचा विचार करा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेल्या शेगड्या आता मिळतात आणि तुमच्याकडे घडलेल्या प्रकारासाठीच ती सोय केलेली असते. दुसरा मार्ग म्हणजे सासूबाईंच्या चहासाठी वेळ लावता येणारी इंडक्शन शेगडी ठेवणे आणि तुम्ही दोघे बाहेर असताना मावशींनाही घर सोडावे लागले तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जाण्याची सवय लावणे. सासूबाईंना पेसमेकर बसवलेला असेल तर इंडक्शनबद्दल आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. त्यांना स्वयंपाकघरात जायला बंदी करू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आयुष्यभर ज्या बाईने घराला चहा करून दिला, तिच्या हातून चहाचे पातेले काढून घेणे हा सुरक्षिततेचा सर्वांत सोपा आणि सर्वांत क्रूर मार्ग आहे.

गॅसच्या नळीवरची मुदत आज घरी गेल्यावर पाहा. सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. वितरकाकडून होणारी नियतकालिक तपासणी पैसे वाचवण्यासाठी किंवा वेळ नाही म्हणून टाळू नका. गळतीची शंका आली तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, घराबाहेर जायचे आणि तेथून १९०६ या क्रमांकावर फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावा आणि मावशींना एकदा प्रत्यक्ष करायला लावा.

आता पाहण्यातून मिळणाऱ्या दिलाशाविषयी. समजा तुम्हाला कॅमेऱ्यात सासूबाई पडलेल्या दिसल्या, तर तुम्ही काय कराल? तुम्हाला घरी पोहोचायला तासाभराहून अधिक लागेल, म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांनाच फोन कराल, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली नसेल तर दार तोडावे लागेल. याचा अर्थ, पाच मिनिटांत दारापर्यंत पोहोचू शकणारा माणूस आणि त्याच्या हातातली किल्ली या दोन गोष्टी आधी हव्यात, आणि त्या असतील तर कॅमेऱ्याशिवायही पुष्कळसे काम होते. त्या दिवशी गॅसच्या वासावरून धावून आलेले शेजारी हीच तुमची खरी सुरक्षाव्यवस्था होती. त्यांना भेटून आभार माना, किल्ली द्या, दोघांच्याही कार्यालयांचे फोन क्रमांक द्या. सासूबाईंच्या गळ्यात किंवा मनगटावर दाबल्यावर फोन लागणारे बटण असलेले साधन देता येते, आणि त्यांनी ते आवडीने घातले तर फार चांगले. वृद्ध माणसे पडण्याचा मोठा धोका न्हाणीघरात असतो, जिथे कोणताही सभ्य माणूस कॅमेरा लावणार नाही. तिथे भिंतीला धरायचा दांडा, न घसरणारी चटई, बाहेरून उघडता येईल अशी कडी आणि रात्रभर जळणारा लहान दिवा लागतो. तीन कॅमेऱ्यांसाठी ठरवलेल्या पैशांतून यातले बरेचसे काम होईल.

दंडावरच्या डागाविषयी मी घाईने काही बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नये. उतारवयात त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची अ‍ॅस्पिरिनसुद्धा, चालू असेल तर पलंगाचा कोपरा लागला तरी मोठा काळानिळा डाग उमटतो आणि माणसाला तो कधी लागला हे आठवतही नाही. पण असेही होऊ शकते की कोणीतरी हात जोरात धरला असेल. या दोन शक्यतांमधला फरक सांगू शकतील अशा व्यक्ती तुमच्या आसपास आहेत. पहिल्या म्हणजे सासूबाई स्वतः. मावशी आणि तुमचे पती दोघेही जवळ नसताना, घाई न करता, “तुम्हाला मावशींची भीती वाटते का?” असे त्यांना सरळ विचारा. दुसरे म्हणजे त्यांचे डॉक्टर, ज्यांना डागाची जागा आणि आकार पाहून काही अंदाज बांधता येईल. तिसऱ्या व्यक्ती म्हणजे दुपारी घरी असणाऱ्या शेजारीण. तुम्हा दोघांपैकी एकाने महिन्यातून एखाद्या दिवशी अर्धी रजा घेऊन दुपारी न सांगता घरी यावे, आणि मावशींच्या ओळखीची कागदपत्रे व पोलिसांकडची नोंद ब्यूरोने केली आहे का हेही पाहावे. छळाची शंका बळावली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे, आणि संकट समोर असेल तर ११२. या सर्वांतून गेल्यावरही संशय उरला तर मावशींना कामावर ठेवायचेच कशाला, हा प्रश्न विचारा. ज्या बाईवर विश्वास नाही तिच्या स्वाधीन आईला करून तिच्याकडे मोबाइलवरून पाहत राहणे, हे त्या आईसाठी फारसे हिताचे नाही.

“आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” या प्रश्नाकडे आता येतो. हा प्रश्न तुम्ही विचारला आहे, पण तिन्ही खोल्यांपैकी ज्या खोलीत दिवसभर चित्रीकरण होणार ती खोली तुमची नाही. त्या खोलीत सासूबाईंचे अंग पुसले जाते, कपडे बदलले जातात, कधी अंथरुण ओले होते. मावशीही बाहेरून आल्यावर कामाचा गाऊन बहुधा तिथेच चढवत असतील. यातले काहीही लपवण्यासारखे नाही, तरीही यातले काहीही मुलाने, सुनेने आणि सातासमुद्रापलीकडच्या लेकीने पाहावे असेही नाही. लपवणे आणि झाकणे यांतला फरक आपल्या घरांत लहान मुलांनाही शिकवला जातो. सासूबाईंचा विरोध हा हट्ट आहे असे पत्रातून सूचित होते. मला तो त्यांच्या वयाला शोभणारा स्वाभिमान वाटतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. व्यक्तीचा खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. घर सासूबाईंच्याही नावावर आहे असे तुम्ही लिहिता, म्हणून तुम्हाला एक अलीकडचा निर्णय माहीत असावा. एका कुटुंबातील सहमालकांच्या वादात, घराच्या राहत्या भागात इतर सहमालकांच्या संमतीवाचून कॅमेरे लावता येत नाहीत असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मावशींना न सांगता लावलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट याहून गंभीर होऊ शकते. एखाद्या स्त्रीचे कपडे बदलतानाचे चित्रण तिच्या नकळत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि संमतीवाचून शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. तुमच्या पतींच्या मनात असे काही नाही याबद्दल मला शंका नाही. परंतु कॅमेरा हेतू पाहत नाही, तो समोर जे येईल ते टिपतो, आणि टिपलेले साठवून ठेवतो.

उलट २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा तुमच्या मदतीला येईल असे वाटत असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. हे धोरण मला योग्य वाटते, कारण प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात सरकारी तपासनीस येणे कोणालाच परवडणारे नाही. पण त्याचा अर्थ असा की घराच्या आत कोणाला काय दिसावे याचा नियम घरातल्या माणसांनीच बसून करायचा आहे, आणि ज्याला पाहिले जाणार त्याला त्या बैठकीत जागा असली पाहिजे.

सोसायटीतील मंडळी ज्या नियमांचा आधार घेतात ते खरे आहेत आणि चांगलेही आहेत. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षिततेच्या निकषांवर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी होणे बंधनकारक झाले आहे. परंतु हा नियम कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूला लागू होतो. ती वस्तू घरी आणून तुम्ही तिला कोणता पासवर्ड देता, तो किती जणांना सांगता आणि तिचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवता की नाही, याची चाचणी कोणी करत नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि चित्रण साठवणारी यंत्रे ताब्यात घेतली ती मुख्यतः एवढ्यावर, की लोकांनी कंपनीने घालून दिलेला मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयाच्या तपासणी कक्षातील स्त्रियांची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा तिथलेही कॅमेरे कोणीतरी सुरक्षेसाठीच लावलेले होते. आपला कॅमेरा कोणत्या देशात बनला एवढ्यावरच चर्चा थांबते याचे मला दुःख होते, कारण ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या त्यामुळे चर्चेतून निसटतात.

नणंदबाईंच्या मागणीत माया आहे. आई दूर असताना तिला पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे रात्र असते तेव्हा तिकडे दिवस असतो, आणि झोपलेली आई पाहत राहण्याने आई भेटत नाही. त्यांना पासवर्ड देण्याऐवजी रोज एक वेळ ठरवून व्हिडिओ कॉल करायला सांगा, ज्यात आईला ठाऊक असते की आपल्याकडे कोण पाहत आहे आणि तीही समोरच्याला पाहू शकते. हे त्यांना तुमच्या पतींनी सांगावे, तुम्ही नव्हे. नाहीतर सुनेने आईला पाहू दिले नाही अशी कायमची अढी बसेल.

आता असे समजू की हे सर्व बोलून झाल्यावर सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, एक कॅमेरा असू द्या. तर तो दिवाणखान्यात, मुख्य दार आणि स्वयंपाकघराचा उंबरठा दिसेल अशा जागी, सर्वांना दिसेल असा लावावा. त्यांच्या खोलीत आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून मुळीच नको. आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवा, कारण म्हाताऱ्या माणसाने शेजारणीशी दोन शब्द मोकळेपणाने बोलणे हीसुद्धा जपण्याची गोष्ट आहे. कॅमेऱ्यातून अचानक मोठ्याने हाक मारण्याची सोय असते, तीही वापरू नका. कमी ऐकू येणारा माणूस दचकून पडू शकतो. चित्रण शक्यतो कॅमेऱ्यातल्या कार्डवरच साठवा आणि ते काही दिवसांत आपोआप पुसले जाईल असे ठेवा. मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला, खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरीही खातरजमा) लावा, घरातल्या वायफायच्या राउटरचाही पासवर्ड बदला आणि राउटरमध्ये सोय असेल तर कॅमेऱ्याला पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जोडणीवर ठेवा, म्हणजे ज्या मोबाइलवर तुमचे बँकेचे व्यवहार होतात त्याच्याशी त्याचा संबंध राहणार नाही. एकच पासवर्ड दोघांनी वापरू नका. अ‍ॅपमधून प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी देता येते, आणि ती काढूनही घेता येते. तुम्ही दोघांपैकी कोणी घरी आलात की कॅमेऱ्याचे बटण बंद करा, आणि ते बटण सासूबाईंच्या हाताला पोहोचेल असे असू द्या. कोणी येऊन बसले असता त्यांना तो बंद करावासा वाटला तर कारण विचारू नका.

मावशींना पहिल्याच दिवशी, सासूबाईंच्या समोर, कॅमेरा दाखवून सांगा की तो कुठे आहे, काय दिसते, कोण पाहते आणि कपडे बदलण्यासाठी त्यांनी कोणती खोली वापरावी. त्यांना ते मान्य नसेल तर नकार देण्याचा त्यांना हक्क आहे, आणि त्या नकारावरून त्यांच्याविषयी काही अनुमान काढू नये. बारा बारा तास अनोळखी घरात राबणाऱ्या बाईला आपल्यावर कोणाची नजर आहे हे कळायला हवे, एवढे तरी आपण तिचे देणे लागतो. घराबाहेरच्या दारावर कॅमेरा लावणार असाल तर त्याची चौकट आपल्या उंबरठ्यापुरती ठेवा, समोरच्या घराच्या दारात डोकावणारी नको.

पतींशी बोलताना कॅमेरा नको असे म्हणून सुरुवात करू नका, कारण त्यांच्या मनातही आईविषयीची भीतीच आहे. या रविवारी दोघांनी मिळून शेगडी, नळी आणि न्हाणीघर पाहा, संवेदक मागवा, शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि सासूबाईंना डॉक्टरांकडे दाखवण्याची वेळ ठरवा. कॅमेऱ्यांची मागणी तोवर थांबवा. एवढे झाल्यावर महिनाभराने तिघांनी बसून, सासूबाईंना पहिल्यांदा बोलू देऊन, अजून कशाची भीती उरली आहे ते विचारा. त्या तेव्हाही नाही म्हणाल्या तर तो निर्णय मान्य करा, आणि संवेदकाची घंटा नीट वाजते का हे दर महिन्याला तपासत राहा.